उखळाची पातळी : बुडालेल्या गावठाणाच्या नकाशाच्या नोंदी

२८ जानेवारी २०२४

उजनी उणेत गेली. गेल्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं होतं, तेव्हा हे होणारच होतं. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी : एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा. म्हणजे रोजच्या अहवालात 'शून्य टक्के' असतं तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं. आमचं गाव त्या मृत साठ्यात आहे. ते बघायचं तर उणे चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली जावं लागतं.

म्हणून यंदा गावठाणाच्या नकाशाचं काम हातात घेतो. गावाचं नाव वहीत कुठेही लिहायचं नाही, जमिनींची प्रकरणं अजून मिटलेली नाहीत. करमाळा तालुका, भीमेचा डावा काठ, एवढं पुरे. १९७८ च्या उन्हाळ्यात गाव उठलं. मी बारा वर्षांचा होतो. पुढं नोकरी भूमी अभिलेखात, भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार (मोजणी तपासणारा) होऊन निवृत्त झालो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे बांध मोजले. स्वतःचं गावठाण एकदाही कागदावर बघितलं नाही.

४ फेब्रुवारी

गाव नकाशाची जुनी प्रत मिळाली. कापडावर चिकटवलेली, एका इंचाला वीस साखळ्या. साखळी म्हणजे शंकुसाखळी : ३३ फूट, तिचे सोळा आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. हे हिशेब झोपेतही चुकत नाहीत.

सर्व्हे नंबर सगळे आहेत. ओढा आहे, गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवली आहे, शिवेवरचे दगड आहेत. आणि नदीच्या बाजूला, आगपेटीहून लहान, एक वेडावाकडा आकार. त्यात एकच शब्द : गावठाण. आत काही नाही.

हे मला माहीत असायला हवं होतं. हजार वेळा असे नकाशे हाताळलेत. शेतसारा जमिनीवर होता, म्हणून मोजणी जमिनीची झाली. काळी म्हणजे शेतं मोजली, पांढरी म्हणजे वस्ती सोडली. मोठ्या गावांचा नंतर सिटी सर्व्हे झाला, आमच्यासारख्यांचा नाही. साहेबानं ज्वारीच्या शेताची वाकडी कड आण्यापर्यंत टिपली, आणि माणसं राहायची ती जागा कोरी ठेवली. नोकरीत याचं कधी काही वाटलं नाही. आज तो कोरा तुकडा भिंगाखाली धरून बराच वेळ बसलो.

म्हणजे काम ठरलं. ती आगपेटी आतून भरायची.

११ फेब्रुवारी

सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं एक इंची शीट, ४७ जे/१६, स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. गाव शीटच्या उजव्या कडेला, जवळपास पंचाहत्तर रेखांशावर. आजच्या उपग्रह चित्राशी जुळवलं तर गाव नदीच्या मधोमध पडलं. धरणाच्या आधीच मी गाव बुडवलं!

चूक बाळबोध होती. जुनी शीटं पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या गोलाभानं धरतात, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नं. आपल्या भागात दोन्हींत सव्वाशे-दीडशे मीटरचा फरक पडतो. पुतण्या म्हणाला, "काका, एवढा फरक चालतो की." अरे, दीडशे मीटर म्हणजे आमची वरली आळी आणि खालची आळी, दोन्ही मिळून.

जुन्या आणि नव्या चित्रात सारखे राहिलेले बिंदू शोधतोय. पाण्यानं फार थोडे ठेवलेत. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ नदीपलीकडे आहे, पाणी उतरलं की वर येतं. डिकसळचा इंग्रजांच्या वेळचा रेल्वेपूल आहे. धरणामुळं रेल्वेमार्ग हलवला, जुना पूल राहिला. तिसरा बिंदू आमच्या त्रिसीमेचा, म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. तो माळावर असल्यामुळं कोरडाच आहे. दादाला फोन केला, दगड जागेवर आहे का बघ म्हणून. दादा म्हणाला, "आहे. पण उसाच्या बांधात गेलाय." म्हणजे कुणीतरी बांध सरकवलाय. तो विषय वेगळा.

२५ फेब्रुवारी

रेल्वेनं जेऊर, तिथून दादाच्या मोटारसायकलवर नव्या गावठाणात. आईपुढं ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला. आई चौऱ्याऐंशीची आहे. कागदाकडं तिनं बघितलंच नाही.

मी विचारलं, "आई, मारुतीपासून आपलं घर किती लांब?"

"आरं, किती म्हंजे? मारुतीच्या म्होरं."

मीटर, फूट, पावलं, काही चालेना. मग मी विचारलं, नदीवरून पाणी कसं आणायचीस? तिथं गाडी रुळावर आली. एक घागर डोक्यावर, एक काखेत. तीन विसावे. पहिला घाटाच्या वरच्या पायरीला. दुसरा मारुतीच्या पाराला. तिथं घागर टेकवायला बरोब्बर कमरेएवढा दगड होता. तिसरा तांबोळ्याच्या भिंतीला, पण तिथं नुसतं टेकायचं, घागर उतरवायची नाही, कारण तिथं उतरवली तर पुन्हा डोक्यावर द्यायला कुणी नसायचं. तिथनं डावीकडं वळलं की चार उंबरे सोडून आपलं.

"आणि तांबोळ्याच्या भिंतीपासनं चढ व्हता का?"

"चढ कुठला, तिथनं उतार. पावसाळ्यात सगळं पाणी आपल्या दारात."

माझ्या आठवणीत घर चढावर होतं! दहा वर्षांच्या पायांना ते तसं वाटलं असेल, नाहीतर मी ते नंतर वर चढवलं असेल. आईनं त्या रस्त्यानं अठरा वर्षं रोज सहा-सात खेपा केल्या आहेत. आईचं धरलं.

दादानं खालची आळी काढून दिली. तालीम, चावडी, गिरणी. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज कुठपर्यंत यायचा तेही त्याला आठवतं. मात्र दादाच्या नकाशात नदीचा घाट कुठं आहे, तर तालमीच्या मागं. आई म्हणाली, त्याला काय माहीत, तो कधी पाण्याला गेलाय?

१० मार्च

चिंचवडला वर्गमित्राकडं. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर. कारखान्यातून निवृत्त झालाय. मी आतापर्यंतचा नकाशा मोबाइलवर दाखवला : वेस, पेठेची वाट, वरली आळी, खालची आळी, मारुती, चावडी, एकूण ६१ घरं नावानिशी. वेशीबाहेर एक चौकोन, त्यात लिहिलेलं : बौद्धवाडा.

त्यानं चष्मा लावून बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू मोजणीतला माणूस ना? तुमच्या साहेबानं गावठाणाचं केलं तेच तू आमचं केलंस."

मला चटकन समजलं नाही. समजलं तेव्हा कान गरम झाले.

"आणि वाट कुठंय? तुझ्या नकाशात आमच्याकडं यायला वाटच नाही."

पाठीमागच्या कोऱ्या पानावर त्यानं स्वतः काढायला घेतलं. एकोणीस घरं. मध्ये लिंब, त्याखाली निळ्या झेंड्याचा खांब. वाट वेशीतून नव्हती, ओढ्याच्या काठानं होती. पाणवठा वेगळा, घाटाच्या खाली, वाहत्या अंगाला. वरनं जे काय वाहून येईल ते आधी. हे मला दिसलेलं होतं, रोज दिसत होतं, पण आठवण काढायला बसलो तेव्हा आलं नाही.

मग तो आमच्या वरल्या आळीकडं वळला आणि माझी चार घरं दुरुस्त केली. मी थक्क. म्हणाला, "माझ्या आज्याकडं येसकरकीची, गावराखणीची पाळी असायची. भाकरी मागायला घरोघर. त्यानं आम्हांला सगळ्या आळ्या सांगून ठेवल्या होत्या : कुणाच्या दारात कुत्रं आहे, कुणाच्या दारात लांबून हाक मारायची. आम्हांला तुमचं गाव पाठ. तुम्हांला आमची एक आळी माहीत नाही."

चहा झाला. निघताना त्यानं तो कागद मला दिला नाही. फोटो काढून घे म्हणाला.

२४ मार्च, होळी

लँडसॅट, अमेरिकेच्या उपग्रहांची चित्रं. पहिला उपग्रह १९७२ च्या जुलैत सुटला, त्यामुळं धरणाआधीची काही वर्षं हाताशी आहेत. १९७३ च्या जानेवारीतलं आमच्या पट्ट्याचं चित्र उतरवून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा. नदी म्हणजे वाळूची पांढरी रेघ.

एक ठिपका म्हणजे जमिनीवर सुमारे ऐंशी मीटर. आमचं गाव सहा ठिपके! तीन आडवे, दोन उभे. पांढरीच्या मातीमुळं शेजारच्या काळीपेक्षा ते उजळ दिसतात, एवढीच ओळख. त्या सहा ठिपक्यांत, त्या सकाळी, आई खडी फोडायला गेलेली असणार आणि मी शाळेत सुकडीच्या रांगेत.

अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांची चित्रंही १९९५ पासून खुली झालीत, ती कितीतरी बारीक आहेत. आमच्या फ्रेमवर नेमका ढग.

संध्याकाळी दादाचा आणि चुलतभावाचा फोनवर वाद : गावची होळी पेटायची ती चावडीपुढं की वेशीपुढं. दोघंही शपथेवर. दोन्ही ठिकाणी फुली मारून ठेवली.

७ एप्रिल

भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत. तीन खेपा झाल्या, कुठं ते लिहीत नाही. पानांच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात, आणि ज्या बाईंनी शेवटी गठ्ठा शोधून दिला त्यांचे आभार मानायला गेलो तर त्यांना आश्चर्य वाटलं.

गावठाणाच्या आतलं मोजमाप इथं आहे! बुडवायचं ठरल्यावर मोजलं. प्रत्येक घराचा नंबर, लांबी-रुंदी, भिंत दगडाची की मातीची, माळवद की पत्रा, खण किती, शेवटी रक्कम. जागा मात्र नाही. घर केवढं होतं ते कळतं, कुठं होतं ते कळत नाही. आईकडं बरोबर उलटं. दोन्ही कागद एकमेकांवर घातले की काहीतरी होईल.

आमचं घर : ३१ बाय २४ फूट, दगड-मातीच्या भिंती, माळवद, अकरा खण. ओसरी वेगळी मोजलेली. गोठा 'कच्चा'.

रकमेपुढं वडिलांची सही, आणि सहीखाली त्यांच्याच अक्षरात : 'हरकत राखून रक्कम घेतली.'

वडील चौथी शिकलेले. सहीपलीकडं लिहिताना मी त्यांना क्वचित बघितलं. या कागदाबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. आम्हांला वाटायचं त्यांनी मुकाट्यानं घेतलं. दादा तर एकदा त्यांना तोंडावर तसं बोललाही होता. दादाला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

बौद्धवाड्याची घरं यादीच्या शेवटी. एकोणीसच. वर्गमित्राला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

१२ मे

लोकसभेचं मतदान ७ तारखेला झालं, मग दादा मोकळा झाला. पहाटे साडेपाचला गाळात.

धरण उणे पन्नासच्या आसपास. काठापासून पाण्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर भेगाळलेली जमीन, वर शिंपले. मधूनमधून हिरवे पट्टे, गाळपेराचे : मका, काकडी. पाणी मागं सरकतं तसे शेतकरी चाऱ्या खोदत त्याच्या मागं जातात. विजेच्या मोटारी, काळ्या पाइपांची रांग. लांब पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसली, रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगो). मासेवाले चिलापीची जाळी झटकत होते. आम्ही बूट काढून हातात घेतले.

गावठाण कळलं ते आधी पायांना. चढ लागला. चाळीसहून जास्त वर्षांत शेतांवर गाळ साचला, पण पांढरीच्या उंचवट्यावरची माती लाटांनी धुऊन नेली आणि दगड उघडे ठेवले. भिंतींचे पाये सरळ रेघांत दिसतात. दारं, तुळया, चौकटी गाव उठतानाच लोकांनी काढून नेल्या होत्या. आमच्या नव्या घराची चौकट जुनीच आहे.

मोबाइलवर माझा नकाशा, त्यावर निळा ठिपका, म्हणजे आम्ही. मारुतीचा चौथरा चार मीटरच्या फरकानं सापडला. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. तिथनं तांबोळ्याची भिंत, डावं वळण, आणि हो, उतार. मी काही बोललो नाही. चार उंबरे सोडून पाया मोजला. ९.४ मीटर बाय ७.३. फुटांत ३१ बाय २४.

दादा मागच्या बाजूला वाकून हातानं गाळ काढत होता. तिथं उखळ होतं. जमिनीत गाडलेलं, काठाबरोबर. आत गाळ, गाळात एक मेलेला शिंपला. जातं, पाटा, रांजण, सगळं बैलगाडीनं नेलं. उखळ काढायला गेलं तर भुई उकरावी लागते, म्हणून राहिलं असणार. दादानं ते बोटांनी कोरून स्वच्छ केलं, मग बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून धुतलं. मी म्हटलं, दादा, पाणी परतीला लागेल. म्हणाला, लागू दे.

अक्षांश-रेखांश तीनदा घेतले, सरासरी काढली. उंची मात्र मोबाइलनं तिन्ही वेळा वेगळी दाखवली, सात मीटरचा फरक. ती फेकून दिली.

परत येताना दादा म्हणाला, "ते हरकतीचं... त्यांनी सांगायचं होतं."

२२ मे

शुक्रवारी वर्गमित्राला घेऊन बौद्धवाड्याची बाजू मोजायची होती. ओढ्याच्या तोंडाशी अजून पाणी आहे, म्हणून होडी ठरवली होती. काल संध्याकाळी कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली. शोध चालू आहे. त्या पाण्यावरून माणसं रोज अशीच जातात. करमाळ्याहून इंदापूरला रस्त्यानं जायचं तर केवढा फेरा. धरणानं नदी रुंद केली आणि काठ तोडले.

खेप रद्द. आई फोनवर म्हणाली, "कागूद ऱ्हाऊ दे तुझा."

२६ मे

बोटीतले सहाजण गेले. या आठवड्यात नकाशाला हात लावला नाही.

२ जून

वर्गमित्र आणि त्याचा मुलगा, दोघं ओढ्याच्या काठानं चालत गेले. मी आणि दादा वेशीच्या बाजूनं. एकोणीसपैकी चौदा पाये मिळाले. पाच ओढ्यानं खाल्ले. लिंबाचं खोड गाळात आडवं, काळं पडलेलं. मुलानं सगळ्यांचे बिंदू स्वतःच्या फोनवर घेतले, आणि मी मागितल्यावर म्हणाला, "काका, देतो. पण थर वेगळा ठेवा, आमच्या नावानं." ठेवला.

उंचीचं कोडं सुटलं. सुचलं ते परतीच्या गाडीत. धरणाचं पाणी ही केवढी मोठी साधणी (पाणसळ) आहे! आवक-जावक फार नसेल तर भीमानगरच्या भिंतीपाशी पाण्याची जी पातळी, तीच इथं. आणि ती रोज अहवालात सेंटिमीटरपर्यंत छापून येते. शून्य टक्क्याला ४९१.०३ मीटर, शंभराला ४९६.८३. म्हणजे मी काहीच मोजायचं नाही. पाणी चढताना ज्या दिवशी उखळाच्या काठाला लागेल, त्या दिवशीचा आकडा वाचायचा. चुलतभाऊ तिकडं जाळी टाकायला जातो, त्याला काम दिलं. त्यानं विचारलं, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, एवढ्यासाठी.

१६ जून

पाऊस लागला. उणेचा आकडा कमी होऊ लागलाय.

आईला छापील नकाशा दाखवला, ए-वन आकाराचा. एकूण १३८ घरं, त्यांतली ९७ जागेवर बसली, बाकीची अंदाजानं, तुटक रेघेत. होळीच्या दोन फुल्या तशाच ठेवल्यात. आईनं या वेळी बघितलं. बोट ठेवून विचारलं, "हे आपलं? मग दार कुठंय?"

निवाड्यात दार नव्हतं, पायात दार कळत नाही. मी विचारलं, कुणीकडं होतं?

"उगवतीला. आन् मागलं दार परड्यात."

दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खाचा केल्या. मग ती बाकीच्या घरांची दारं सांगू लागली. चाळीसएक झाली तेव्हा दमली. उरलेली पुढच्या खेपेला.

२३ जून

सकाळी सव्वासातला चुलतभावाचा फोन. मागं वारा, नीट ऐकू येत नव्हतं.

"आलं का काठाला?"

"काठाला न्हाय, दाजी. आत भरलंय. लाट आली की भरतंय, गेली की तसंच."

अहवाल दहाच्या सुमाराला आला. पातळी नकाशावर उखळापुढं लिहिली.